पहिल्या पेटीची ओटी

आमच्या कारखान्याचा माल परदेशी पाठवायचा, हा हट्ट माझा होता. पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर फुटलं आणि मी ते फुटू दिलं, त्यामुळे हे सुरुवातीलाच कबूल केलेलं बरं.

कारखाना पैठण रस्त्यावर होता, बिडकीनच्या अलीकडे. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेला नांगर उचलायला आणि टेकवायला तेलाच्या दाबावर चालणारी एक यंत्रणा असते. तिच्या पोटातला लोखंडी ठोकळा आम्ही बनवायचो. दिसायला विटेएवढा, पण त्यात आतल्या आत एकमेकांना जाऊन मिळणारी बारीक भोकं. त्या भोकांतून तेल धावतं आणि चालवणाऱ्याने दांडी ओढली की नांगर वर येतो. शहरातली एक मोठी कंपनी आमचे सगळे ठोकळे घ्यायची. सगळे म्हणजे सगळे. त्यांच्या खरेदी खात्यातला माणूस आठ दिवस रजेवर गेला तरी आमच्या साहेबांचं जेवणावर लक्ष नसायचं.

साहेब म्हणजे कारखान्याचे मालक. त्याच मोठ्या कंपनीत ते पूर्वी फोरमन होते. नोकरी सोडून एका जुन्या लेथवर त्यांनी सुरुवात केली होती. मी विद्यापीठातून व्यवस्थापनाची पदवी घेऊन त्यांच्याकडे लागले, तेव्हा ऑफिसात खुर्चीवर बसणारी मी एकटीच बाई. नुकतंच लग्न झालेलं, गारखेड्यात भाड्याच्या दोन खोल्या, आणि डोक्यात नवीकोरी पुस्तकं. बाजारपेठ कशी निवडावी, जोखीम कशी वाटून घ्यावी, एकाच गिऱ्हाइकाच्या जिवावर राहण्यात काय धोका असतो, हे सगळं मला तोंडपाठ होतं आणि कुणी विचारायच्या आधी मी ते ऐकवायचे. पहिल्याच महिन्यात मी साहेबांच्या टेबलावर सतरा पानांचा अहवाल ठेवला. त्यांनी तो उभ्याउभ्याच चाळला.

"म्हणजे जर्मनीला विकायचं म्हणता?"

"हो, सर."

"मग विका तुम्हीच."

आमच्याकडे परदेशी व्यापाराचं धोरण ठरलं ते असं. त्यानंतरची जवळजवळ दोन वर्षं नमुने पाठवण्यात आणि नाकारून घेण्यात गेली. एकदा कड खरबरीत म्हणून परत, एकदा कागदपत्रात सही चुकीच्या जागी म्हणून परत. एका नमुन्यात तर त्यांना काहीच सापडलं नाही, तेव्हा पेटीचा खिळा वाकडा असल्याचं त्यांनी कळवलं. वर्क्स मॅनेजर प्रत्येक पत्र माझ्यासमोर धरून म्हणायचे, "घ्या, तुमच्या माहेरचं पत्र आलं." मला राग यायचा. मी चिडकी आहे, तेव्हा जरा जास्तच होते.

अखेर नमुना पसंत पडला आणि पहिल्या बारा पेट्यांची ऑर्डर आली.

आता पॅकिंगच्या खोलीबद्दल सांगायला हवं. तिथे चार बायका काम करायच्या आणि त्यांतल्या थोरलीला सगळे मावशी म्हणायचे, साहेबसुद्धा. प्रत्येक ठोकळा मावशी ट्यूबलाइटकडे धरून एकेका भोकातून आरपार बघायची, हवेच्या नळीने फुंकर मारायची, पुन्हा बघायची आणि मग गंज चढू नये म्हणून तेलकट कागदात गुंडाळायची. कागदाची घडी अशी घालायची की उघडणाऱ्याला ती मोडू नये असं वाटावं. ती बिडकीनच्या पलीकडच्या एका वाडीतली, मेंढपाळांच्या घरातली. लग्नानंतर बारा-पंधरा वर्षं तिने कळपामागे काढली होती. नवरा वारला तेव्हा लेक पाचवीत होती.

"आमचं कसं व्हतं मॅडम," ती मला एकदा डबा खाताना सांगत होती, "दिवाळी झाली की मेंढरं घेऊन जे निघायचं ते मिरगालाच माघारी. लेकीची शाळा कुठं धरायची? हे गाव म्हणू नका, ते गाव म्हणू नका. म्हणून म्या दिराला म्हणलं, तुम्ही व्हा म्होरं, म्या हितंच काम बघते. दीर लई गुणाचा हाय. पण ह्ये काम गेलं तर मला त्याच्यामागंच जावं लागंल. रानात एकटी बाई कशाच्या भरवशावर ऱ्हाईल?"

लेक आता नववीत होती आणि बिडकीनच्या शाळेत गणितात पहिली यायची. मावशीच्या पगाराचा अर्थ एवढाच होता की ती मुलगी दिवाळीनंतरही त्याच बाकावर बसायची.

पहिला माल निघाला तो पोळ्यानंतरच्या आठवड्यात. कारखाना नुसता फुलून गेला होता. कुणी मशीन पुसत होतं, कुणी उगाच झाडत होतं. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. अकरा पेट्यांना झाकण लागलं होतं आणि पहिल्या नंबरची पेटी तेवढी उघडी होती. मावशीने मला खोलीच्या दारातून खुणेनं बोलावलं. बाकीच्या तिघी आधीच पेटीभोवती उभ्या होत्या. मावशीने कमरेची गाठ सोडली आणि हातरुमालाची पुरचुंडी काढली. त्यात हळद लावलेले तांदूळ होते, एक हळकुंड, एक सुपारी.

"पयली पेटी हाय," ती म्हणाली. "लेक सात समुंदरापार सासरी चालली. रिकाम्या ओटीनं कशी धाडायची?"

मला हसू आलं. "मग भरा की, मावशी."

तिने पुरचुंडी माझ्यापुढे केली आणि ती दोन पावलं मागे सरकली. "माझ्या हातानं नाय चालत. तुम्ही भरा."

ती विधवा होती, हे मला समजायला जरा वेळ लागला. जगाला शहाणपण शिकवत फिरणारी मी, त्या क्षणी दोन गोष्टी सहज बोलू शकले असते. असलं काही मानू नका मावशी, तुमचाच हात पहिला, असं म्हणता आलं असतं. किंवा पेटीत मालाशिवाय काहीही टाकायचं नाही, असं एक्स्पोर्ट मॅनेजर म्हणून बजावता आलं असतं. दोन्ही माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मला दिसत होती माझी आई, आमच्या ओसरीवर माझ्या पदरात तांदूळ ओतताना ओठ घट्ट मिटून उभी राहिलेली. मी ओंजळ भरली आणि पेटीत सोडली, हळकुंड-सुपारी कोपऱ्यात खोचली, कडेला कुंकवाचं बोट टेकवलं. माझे डोळे भरून आले. चौघींनी मला हसून घेतलं आणि मावशीने झाकण लावलं. खरं सांगते, नोकरीतल्या इतक्या वर्षांत मला इतकं बरं फार थोड्या वेळा वाटलं.

बाहेर साहेबांनी ट्रकपुढे नारळ फोडला. छावणीतले चाचा गाडी घेऊन मुंबईच्या बंदराकडे निघाले होते. खिडकीतून वाकून ते म्हणाले, "मॅडम, हमने भी दुआ पढ दी है. अब बेफिकीर रहो."

दिवाळीला पाच-सहा दिवस उरले होते तेव्हा जर्मनीहून ईमेल आली. सोबत एक फोटो. पहिल्या पेटीतला एक ठोकळा त्यांनी चाचणीला लावला, तेल सोडलं आणि तो अडकला. कापून बघितला तर आतल्या भोकात काहीतरी. फुगलेलं, तेलानं काळपट झालेलं, लांबट. त्यांनी लिहिलं होतं की हे सेंद्रिय आहे आणि किड्याचं अंडं असण्याची शक्यता वाटते. त्यामुळे बाराच्या बारा पेट्या त्यांनी वेगळ्या खोलीत बंद करून ठेवल्या होत्या. त्यांच्या गोदामात आमच्या मालातून कीड शिरली असेल अशी त्यांना भीती होती. सोबत आठ रकान्यांचा एक फॉर्म होता. काय झालं, का झालं, कुणामुळे झालं, त्यावर तुम्ही काय केलं. पंधरा दिवसांत भरून पाठवा. मग आमचा माणूस येऊन पाहील आणि पुढच्या वर्षाच्या ऑर्डरचं तेव्हा ठरेल.

फोटो उघडल्याबरोबर मला तांदूळ ओळखू आला. ओंजळीतला एखादा दाणा कागदाच्या घडीतून आत घरंगळला असणार. बाईमाणसाला तांदूळ ओळखायला भिंग लागत नाही.

साहेबांनी त्याच दुपारी सगळ्यांना बोलावलं. फोटो टेबलावर फिरला. पाच जणांनी पाच मतं दिली. वर्क्स मॅनेजर म्हणाले अळीचं अंडं, लाकडी पेट्यांना धुरी नीट दिली नसेल. स्टोअरवाले म्हणाले जहाजावरच काहीतरी शिरलं. कुणीतरी त्यावर चित्र काढून दाखवलं. शेवटी साहेबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "कुणाला काही माहीत असेल तर आत्ता सांगा. मी ओरडणार नाही."

मी पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. एक्स्पोर्ट मॅनेजर म्हणून माझी नेमणूक अजून पक्की व्हायची होती. निर्यात माझी, अहवाल माझा, आणि पेटीत तांदूळ टाकणारी गावंढळ बाईही मीच, हे त्या सहा पुरुषांपुढे माझ्या तोंडातून निघेना. उद्या एकट्यानं भेटून सांगू, असं मी स्वतःला समजावलं. मग मॅनेजरांनी नोंदवही काढली. पहिली पेटी कुणी भरली ते तिथे लिहिलेलं होतंच. मावशीला बोलावण्यात आलं.

"ही पेटी तुम्ही भरली का?" मॅनेजरांनी विचारलं.

मावशीने फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मग तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, फक्त एकदाच.

"व्हय सायब. म्याच भरली."

"नीट बघता येत नाही का भोकातून?"

फोटो तिने टेबलावर सरळ करून ठेवला आणि ती गेली.

मॅनेजर म्हणाले, "सर, असल्या ठिकाणी गिऱ्हाइकाला कारवाई दिसावी लागते. 'संबंधित कामगाराला कामावरून कमी केलं' एवढं एक वाक्य घाला, विषय संपला. नाहीतर पुढचं वर्ष गेलं म्हणून समजा."

साहेबांना ते पटत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तुम्ही हे शिकलेल्या. असंच करतात का सगळीकडे?"

मी म्हटलं, "बऱ्याच ठिकाणी करतात, सर."

हे वाक्य मी उच्चारलं. आजही भांडी घासताना किंवा सिग्नलला थांबलेली असताना ते मला अचानक ऐकू येतं आणि मी मान झटकते.

सुट्टीनंतर कामावर येऊ नका, हे मावशीला सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाईनं बाईला सांगितलेलं बरं दिसतं. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता. सगळ्यांना मिठाईचे पुडे वाटून झाले होते. खोलीत मावशी एकटीच कागदाचे तुकडे गोळा करत होती. मी सांगितलं. वाक्य मी घरून जुळवून आणलं होतं, तरी मध्येच तुटलं.

"बरं," ती म्हणाली.

बाई रडली असती, भांडली असती, तर मला सोपं गेलं असतं. त्या 'बरं'नं माझा संताप संताप झाला, आणि तो तिच्यावरच निघाला. "बरं काय, मावशी? तुम्ही बोलला का नाहीत? तो तांदूळ मी टाकला होता!"

"हळू," तिने दाराकडे पाहिलं. मग खोकं उलटं करून मला बसायला दिलं आणि स्वतः भुईवर बसली.

"मॅडम, कळप नदीत घालायचा आसला की म्होरल्या मेंढीकडं ध्यान द्यावं लागतं. ती बिचकली की समदी बिचकत्यात, एक बी पाण्यात उतरत नाय. म्हणून तिला चुचकारायचं, जपायचं. मागली एखादी ऱ्हायली तर ऱ्हायली, तिच्यापायी कळप थांबवत न्हाईत. तुम्ही म्होरल्या हायत. त्या खुर्चीवर पयलीच बाई तुम्ही. तुमचं नाव आलं, की ते म्हणतील बाईमाणूस तसलंच, तांदूळ टाकीत बसतं. मंग पुन्ना कोन बाईला खुर्ची दील? आन् माझी पोरगी उद्या शिकून कुठं बसंल?"

माझ्या सतरा पानांत इतका नीट विचार कुठेच नव्हता. मी हे तिला म्हटलं नाही. मिठाईचा माझाही पुडा तिच्या पिशवीत कोंबला आणि स्कूटीवर बसून घरी आले. तो पुडा आठवला की अजून लाज वाटते.

दिवाळीत मी घरात प्रत्येकाशी भांडले. आकाशकंदील वाकडा लागला म्हणून नवऱ्याला इतकी बोलले की तो स्टुलावरून उतरला आणि म्हणाला, "आता काय झालंय ते सांग." मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग जाऊन साहेबांना सांग ना." नवऱ्यांना ही एक खोड असते, जे करणं सर्वांत कठीण असतं ते चहा ठेव म्हटल्यासारखं सांगतात. मी त्याच्यावर आणखी चिडले. पण सुट्टी संपली त्या सकाळी कारखान्याचं फाटक उघडायच्या आधी मी बाहेर उभी होते.

साहेबांनी ऐकून घेतलं. "तांदूळ?" त्यांनी दोनदा विचारलं.

"हो. हळद लावलेला. ओटी भरली होती पेटीची."

ते हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. आठ-दहा दिवस किड्याच्या अंड्याला घाबरून त्यांनी दोनदा गोदाम धुऊन घेतलं होतं. मग हसू एकदम थांबलं.

"मावशीला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि तिला जा म्हणून तुम्हीच सांगितलंत."

तुम्हीच सांगायला लावलं होतं, असं माझ्या जिभेवर आलं होतं. त्यांनीच ते उचललं. "मीही हो म्हटलं होतं, म्हणा. दोघं सारखेच." त्यांनी तो फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "फॉर्ममध्ये खरं लिहा. जे झालं ते, ज्या हातानं झालं त्या नावानं. ऑर्डर गेली तर जाऊ द्या, पुन्हा दोन वर्षं नमुने पाठवू. पण आधी जीप घ्या आणि तिला घेऊन या."

वाडीवर गेले तर घराला कुलूप. शेजारच्या म्हाताऱ्याने हात लांब करून दाखवलं, कळप कालच निघाला. जीपवाल्यानं विचारत विचारत कच्च्या रस्त्यानं दोन गावं मागे टाकली. एका कापणी झालेल्या बाजरीच्या रानात मेंढ्या बसल्या होत्या. घोड्यावर बिऱ्हाड लादलेलं होतं, वर कोंबड्यांची डालगी, आणि डालगीला बांधलेलं शाळेचं दप्तर. मुलगी बांधावर बसून पायानं माती उकरत होती. तिने मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. सगळं तिला ठाऊक होतं.

मावशी चुलीपासून उठली. मी सांगितलं की साहेबांना खरं कळलंय, तुम्ही परत चला.

"कामून सांगितलं?" तिचा आवाज चढला. मी तो चढलेला पहिल्यांदाच ऐकत होते. "म्या एवढं समजावलं तुमाला, ते काय वाऱ्यावर? आता तुमची खुर्ची गेली म्हंजी? मला नाय यायचं. जा तुम्ही."

"चुकलं माझं, मावशी," मी म्हटलं. "खुर्ची जाऊ दे. मी तुमच्या पाया पडते."

"पाया पडू नगा, शेण हाय खाली."

तिचा दीर इतका वेळ कोकराला पाजत बसला होता. तो उठला, घोड्याजवळ गेला, दप्तराची गाठ सोडली आणि ते नेऊन जीपच्या मागच्या बाकावर ठेवलं. मुलगी धावतच जीपमध्ये चढली. मावशीही मागोमाग चढली, पण गावापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

ऑर्डर टिकली, पण निम्मी. उरलेली निम्मी परत मिळायला वर्ष लागलं. माझी नेमणूक पक्की व्हायचं सहा महिने लांबलं आणि ते योग्यच होतं. हे मी आधीच सांगते आहे, कारण त्यांचा माणूस पाहायला आला त्या दिवसाबद्दल मला जे सांगायचंय ते ऑर्डरचं नाही.

जर्मनीहून आलेला माणूस उंच, हडकुळा, निवृत्तीला आलेला होता. इंग्रजी तोही माझ्यासारखंच जपून बोलायचा. त्याने आमचा फॉर्म वाचलेला होता. तिसऱ्या रकान्यात माझं नाव होतं, कामावरून कमी केलेल्याच्या जागी 'कुणीही नाही' असं होतं, आणि उपाय म्हणून लिहिलं होतं की पूजा यापुढे फाटकापाशी, ट्रकची होईल. आणि पेटीत काय जाईल हे फक्त पेटी भरणारी बाई ठरवेल, मॅनेजरसुद्धा नाही. ऑफिसात न बसता तो थेट पॅकिंगच्या खोलीत आला आणि खोक्यावर बसला. साहेब, वर्क्स मॅनेजर आणि मी उभे. खिशातून त्याने प्लास्टिकची छोटी पिशवी काढली. आत आमचं हळकुंड आणि सुपारी. पेटीतल्या कोरड्या दाण्यांसारखीच ही ओलावा शोषून घेणारी वस्तू समजून त्यांनी ती बाजूला जपून ठेवली होती. तो थोडंसं हसला. मग त्याने मावशीकडे बोट केलं आणि मला म्हणाला, "यांना विचारा, यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग यांनी सांगितलं का नाही?"

मी मराठीत विचारलं. म्होरली मेंढी आणि खुर्ची, हे सगळं आता तिच्या तोंडून निघणार आणि मलाच ते इंग्रजीत सांगावं लागणार.

मावशीने हातातला ठोकळा खाली ठेवला. आधी साहेबांकडे पाहिलं, मग मॅनेजरांकडे.

"त्यानला म्हणावं, पेटी कुणी भरली आसं मला इचारलं. म्या भरली व्हती, म्या व्हय म्हणलं. मंग इचारलं नीट दिसत नाय का. पन आत ह्ये काय हाय, ते मला कुणी इचारलंच नाय. इचारलं आसतं तर खोटं कशाला बोलले आसते?"

मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. मॅनेजर जमिनीकडे बघायला लागले. साहेबांनी घसा साफ केला. त्या दुपारी टेबलाभोवती आम्ही सात जण बसलो होतो, पाच मतं झाली होती, चित्र काढून झालं होतं, आणि रोज हजार वेळा त्या भोकांतून आरपार बघणाऱ्या बाईला कुणी विचारलं नव्हतं.

पाहुण्याने वहीत काहीतरी लिहिलं. लिहून झाल्यावर पेन बंद केलं आणि मला विचारलं, "आणि तुम्हाला? तुम्हालाही कुणी विचारलं नव्हतं?"

पुढचं वाक्य बोलायला मला कुणाच्या बोलण्याचा आधार नव्हता.

"मला विचारलं होतं," मी म्हटलं. "साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं. मी गप्प बसले. यांना काढतात हे दिसत होतं, तरी गप्प बसले."

मावशीने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"काय म्हणला त्यो?"

मी त्याचा प्रश्न आणि माझं उत्तर दोन्ही तिला मराठीत सांगितलं. अर्ध्यात मला रडू आलं. मावशी उठली, हाताला तेल होतं म्हणून मनगटानं माझी पाठ दोनदा थोपटली. इतक्या दिवसांत तिने मला पहिल्यांदाच अगं-तुगं केलं.

"खरं बोललीस ना? झालं मंग. पाव्हण्याम्होरं रडू नगं," ती म्हणाली. "सरक जरा, मला उजेड येऊ दे. अजून दोन पेट्या ऱ्हायल्यात."